शुअर एसएम७बी: शास्त्रीय संगीताच्या निवेदकाने हा माइक घ्यावा का?

रेडिओवर शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम सादर करणाऱ्याचा आवाज दोन तानपुऱ्यांच्या मधे येतो. आधीची बंदिश संपलेली असते, पुढच्या आलापाचा षड्ज अजून लागायचा असतो. मधल्या मिनिट-दीड मिनिटात निवेदकाला राग, कलाकार, बंदिश आणि त्या भागाचं सूत्र सांगून बाजूला व्हायचं असतं. एवढ्या वेळात माइकने आवाज टोचरा केला, खोलीचा घुमारा आत आणला किंवा मागे बारीक सरसर ठेवली, तर ऐकणाऱ्याचा कान रागातून बाहेर येतो आणि पुढची पाच मिनिटं परत आत जात नाही. एसएम७बी हा माइक इथे फक्त या एका कामासाठी तपासला आहे. पॉडकास्टमुळे तो घरोघरी दिसायला लागला. पण दोन मित्रांच्या मोकळ्या गप्पा वेगळ्या आणि रात्री दहाला दरबारीची ओळख करून देणं वेगळं.

निवेदक एकटा असेल, खोली मुंबईतली नेहमीची म्हणजे रस्त्याला खिडकी असलेली असेल, आणि माइकजवळ तोंड ठेवून बोलायची सवय असेल, तर या माइकइतका भरवशाचा दुसरा मिळणं कठीण. मात्र त्याला जोडायचा इंटरफेस, म्हणजे माइक आणि कॉम्प्युटरमधली पेटी, चांगला नसेल तर हेच पैसे वाया जातात. आणि ज्यांच्या कार्यक्रमात खरा तानपुरा, सतार किंवा समोर बसलेला पाहुणा गायक आहे, त्यांना हा एकटा पुरणार नाही.

मूळ एसएम७ १९७३ चा. १९९९ मध्ये एसएम७ए आणि २००१ मध्ये एसएम७बी आला. माइक डायनॅमिक म्हणजे चुंबक आणि गुंडाळीवर चालणारा आहे, समोरचं घेतो आणि पाठीमागचं टाळतो. त्याचा पल्ला ५० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ. वजन ७६५ ग्रॅम, आणि हे वजन विसरून चालत नाही. स्वस्तातला टेबलाला अडकवायचा आर्म या वजनाने हळूहळू खाली येतो. रेकॉर्डिंगच्या दहाव्या मिनिटाला माइक ओठांऐवजी गळ्यासमोर असतो आणि आवाज बदलल्याचं नंतर जोडणी करताना कळतं. निदान एक किलो सहज पेलणारा आर्म घ्या, नाहीतर जड बुडाचा टेबल-स्टँड. खोक्यात दोन फोम येतात, एक माइकवर चढवलेला आणि एक जाड, जवळून बोलण्यासाठी. मागच्या बाजूला दोन छोटे स्विच आहेत. एक खालचे स्वर हलके करतो, दुसरा आवाजाच्या मधल्या भागाला थोडा उठाव देतो. ते खोलगट बसवलेले असल्यामुळे बारीक स्क्रूड्रायव्हर लागतो.

आता गेन, म्हणजे माइककडून आलेला क्षीण आवाज किती वाढवायचा ते. या माइकबद्दलच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच आहे, आणि शास्त्रीय संगीताच्या निवेदकाला गेनची कमतरता सगळ्यात जास्त भोवते. माइकसमोर ९४ डीबी इतका दणदणीत आवाज असेल तेव्हा एसएम७बी साधारण १.१२ मिलिव्होल्ट देतो. क्रिकेटचं समालोचन करणाऱ्याला ते पुरतं. पण 'आता ऐकूया राग मारवा' हे वाक्य कुणी त्या जोरात म्हणत नाही. संध्याकाळचा राग असतो, निवेदक आवाज खाली ठेवतो. दहा सेंटिमीटरवरून असं मृदू बोललं की माइककडून येणारा विद्युतदाब मिलिव्होल्टच्या एक-दोन दशांशावर घसरतो. तो वर आणायला कंपनी स्वतः किमान ६० डीबी गेन सांगते. जुन्या किंवा स्वस्त इंटरफेसवर जेमतेम ५५ डीबीच्या आसपास मिळतो आणि शेवटच्या काही डीबीत बटण फिरवलं की प्रीॲम्पची, म्हणजे इंटरफेसमधल्या आवाज वाढवणाऱ्या भागाची, सरसर वर येते. बातम्यांत ती कुणाला जाणवत नाही. आलापाच्या आधी शांत आवाजात दिलेल्या निवेदनात ती स्पष्ट ऐकू येते.

यावर उपाय तीन. इंटरफेस असा घ्यायचा की ज्याच्या माहितीपत्रकात माइक इनपुटचा गेन ६० च्या बराच वर आहे. किंवा माइक आणि इंटरफेसच्या मधे क्लाउडलिफ्टर किंवा फेटहेडसारखी डबी लावायची. तिने २५-२७ डीबीची भर पडते, पण इंटरफेसचा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज, चालू असावा लागतो. तिसरा उपाय म्हणजे २०२३ मध्ये आलेला एसएम७डीबी. यात तीच भर, १८ किंवा २८ डीबी, माइकच्या पोटातच आहे. त्यालाही फँटम पॉवर लागतो. ज्यांच्याकडे आधीपासून साधा इंटरफेस पडून आहे त्यांनी सरळ हाच घ्यावा. डबी, जादा केबल, जादा जोड म्हणजे मुंबईच्या दमट हवेत गंज धरायला आणखी दोन जागा.

एक फुकटचा उपायही आहे. अंतर निम्मं केलं की साधारण ६ डीबी मिळतात. दहा सेंटिमीटरवरून पाचवर या. तिथे मात्र दोन गोष्टी बिघडतात. आवाजाला खालून जाडी येते, आणि भ आणि प फुटायला लागतात.

आपल्या रागांची नावं माइकसाठी अवघड आहेत, याचा विचार कुठल्याही परदेशी परीक्षणात सापडणार नाही. ओठांनी म्हणायची व्यंजनं, म्हणजे प, फ, ब, भ, हवेचा झोत सरळ समोर टाकतात. महाप्राण असेल तर झोत आणखी मोठा. आणि आपली यादी काय? भूप, भैरव, भैरवी, भीमपलासी, भटियार, बिभास, पटदीप, पूरिया, बागेश्री, बिहाग. निवेदनातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द हाच, तो ठामपणे आणि थोडा थांबून म्हणायचा, आणि नेमका तिथेच 'फट्' होतो. दुसऱ्या बाजूला शंकरा, शुद्ध सारंग, श्री, षड्ज, निषाद. इथे श आणि ष धारदार होतात. म्हणून माइक घेताना 'हॅलो, चेक, वन टू थ्री' म्हणून काहीच कळत नाही. हे वाक्य वाचा: 'भीमपलासीनंतर पटदीप, मग भूप, आणि शेवटी शुद्ध सारंगातली बंदिश.' प्रत्येक वेळी माइकपासून आठ सेंटिमीटर, आधी समोरून, मग तीस-चाळीस अंश कडेने, आणि हेडफोन लावून ऐका.

या वाक्यावर एसएम७बी छान उतरतो. मूळचा फोमच बराच झोत खातो आणि जाड फोम लावला तर पाच सेंटिमीटरवरही भ सांभाळला जातो. जाड फोमने वरची धार किंचित मऊ होते. खर्जाच्या पुरुषी आवाजाला त्यामुळे माइक मंद वाटू शकतो, तेव्हा मधल्या उठावाचा स्विच चालू करावा. ज्यांचा श मुळातच तीक्ष्ण आहे त्यांनी त्या स्विचला हात लावू नये. भारदस्त आवाजाच्या निवेदकाने जवळ बसायचं असेल तर खालचे स्वर कमी करणारा स्विच चालू ठेवणं बरं. बारीक आवाजासाठी तो बंदच असू द्या, माइक जवळ घेतल्यावर येणारी जाडी त्या आवाजाला हवीच असते. एकदा ठरलं की पूर्ण मालिका संपेपर्यंत स्विच बदलू नका. 'कानडा अंग' या सूत्राचे चार भाग चार वेगळ्या आवाजांत गेले तर श्रोत्याला ते एका माळेतले वाटत नाहीत.

मुंबईच्या खोलीत या माइकची खरी किंमत कळते. कंडेन्सर म्हणजे जास्त संवेदनशील जातीचा माइक सुंदर असतो, पण तो पंखा, कबुतरं, शेजारची मिक्सरची गिरगिर आणि सकाळी साडेसहाची पाण्याची मोटर हे सगळं तितक्याच प्रेमाने टिपतो. एसएम७बी जवळचं घेतो आणि लांबचं बरंच सोडून देतो. बरंच, सगळं नाही. लोकलचा भोंगा आणि खालच्या चौकातला बसचा ब्रेक यातूनही येतो. माइकची पाठ खिडकीकडे करा, म्हणजे निवेदकाचं तोंड खिडकीच्या दिशेला येईल. इथे बहुतेकांची गफलत होते: गोधडी माइकच्या मागे टांगतात. माइकला पाठीमागचं ऐकूच येत नाही. त्याला दिसतो तो निवेदक आणि निवेदकाच्या मागची भिंत. गोधडी, गादी किंवा कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट निवेदकाच्या पाठीशी हवं. खाली फरशी असेल तर सतरंजी. एवढ्याने दहा बाय बाराच्या खोलीतला घुमारा ऐकू न येण्याइतका कमी होतो.

पंखा बंदच ठेवायचा. मल्हारांचा विशेष कार्यक्रम करायची वेळ येते जून-जुलैत, आणि तेव्हाच पावसाचे थेंब छज्ज्याच्या पत्र्यावर वाजत असतात. पाऊस मेघ रागाच्या निवेदनाला शोभेल असं वाटतं, पण वाक्य कापून जोडलं की मागचा पाऊस मधेच तुटतो आणि जोड उघडा पडतो. पावसाचा आवाज हवाच असेल तर तो वेगळा, सलग दोन मिनिटं घेऊन ठेवा आणि निवेदन कोरडं रेकॉर्ड करा.

गुणगुण येत असेल तर दोष माइकला देऊ नका. यात गुणगुण मारण्याची सोय आधीच आहे. बहुतेक वेळा ती लॅपटॉपच्या चार्जरमधून आणि घरातल्या सदोष अर्थिंगमधून येते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. गेली तर कारण सापडलं. न गेल्यास केबल तपासा, ती पंख्याच्या रेग्युलेटरच्या किंवा एक्स्टेन्शन बोर्डाच्या शेजारून जात असते.

सूत्र धरून केलेल्या कार्यक्रमात निवेदक नुसतं बोलत नाही, दाखवतोही. विविध भारतीच्या 'संगीत सरिता'ने एक राग घेऊन तो श्रोत्याच्या कानावर घालण्याची वाट आपल्याकडे रुळवली. त्या वाटेने जायचं तर भूप आणि देशकार यांतला फरक शब्दांत सांगून भागत नाही. दोन्हींत सा रे ग प ध हेच पाच स्वर. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार, रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग. देशकाराचा वादी धैवत, सकाळचा. पेटीवर दोन ओळी वाजवल्या की वाक्यांचा ढीग वाचतो. एसएम७बी पेटीवर अनपेक्षितपणे चांगला आहे. सुरांचा कर्कशपणा तो कमी करतो. माइक भात्याच्या बाजूला नको, नाहीतर भात्याची फसफस आणि पट्ट्यांची टकटक स्वरांहून मोठी येते. वरच्या बाजूने, तीस-चाळीस सेंटिमीटरवर, पट्ट्यांपेक्षा पुढे. गेनचं बटण न हलवता आर्म हलवा. बोलणं आणि पेटी शक्यतो वेगवेगळ्या वेळी रेकॉर्ड करा, कारण त्या अंतरावर खोली पुन्हा आत यायला लागते.

तानपुऱ्याला मात्र हा माइक न्याय देत नाही. जवारीची, म्हणजे तारेच्या झंकाराची, सगळी गंमत त्याच तारेतून आपोआप उमटणाऱ्या वरच्या बारीक स्वयंभू स्वरांत असते. एसएम७बीचा कल गडद, मऊ आवाजाकडे. निवेदकाच्या गळ्याला जे मानवतं तेच तानपुऱ्याला मारक ठरतं. तार ऐकू येते, पण तिच्यावर तरंगणारा गंधार येत नाही. खऱ्या तानपुऱ्यासाठी छोट्या पडद्याचा कंडेन्सर माइक लावा, तोही रात्री उशिरा, इमारत झोपल्यावर. इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा मोबाइलवरचा असेल तर स्पीकरसमोर माइक धरू नका, केबलने थेट इंटरफेसमध्ये घ्या.

निवेदनाखाली तानपुरा ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. ठेवा, पण आवाजापेक्षा निदान वीस डीबी खाली, आणि दोन गोष्टी पाहून. पहिली, तार. मालकंसात पंचम नाही, म्हणून तिथे पहिली तार मध्यमाला लावतात. मारव्यातही पंचम वर्ज्य. ॲपवर सवयीने 'प-सा-सा-सा' चालू करून त्यावर मालकंसाची ओळख करून दिली तर जाणकार श्रोता पहिल्याच वाक्याला रेडिओचं बटण फिरवेल. दुसरी, पट्टी, म्हणजे गायकाने पेटीची कुठली पट्टी षड्ज मानली ते. आधीचा गायक काळी एकमध्ये आणि पुढची गायिका काळी चारमध्ये असेल तर अंतर पंचमाचं, कान सहज जातो. काळी एकनंतर लगेच पांढरी दोन आली तर अर्ध्या स्वराची ठेच लागते आणि दुसरा गायक बेसूर असल्याचा भास होतो. अशा जोडीच्या मधे तानपुरा अजिबात ठेवू नका आणि निवेदन पाऊण मिनिटापेक्षा कमी करू नका. कानाला पहिला षड्ज विसरायला तेवढा वेळ लागतो. इथे माइकची शांतता उपयोगी पडते. मागे काहीही नसलेला, जवळचा, कोरडा आवाज म्हणजे पाटी पुसण्यासारखं आहे.

उलट अडचण जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांची. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची तीन-सव्वातीन मिनिटांची तबकडी लावायची तर तिच्यात सुईची खरखर असणारच. तिच्या आधी आणि नंतर एसएम७बीतला स्वच्छ आवाज आला की खरखर दुप्पट वाटते. तबकडीच्या सुरुवातीची दोन-तीन सेकंदांची मोकळी खरखर निवेदनाच्या शेवटच्या वाक्याखाली हळूच आणा, आणि शेवटचीही तशीच पुढच्या पहिल्या शब्दाखाली विरू द्या. खरखर साफ करण्याच्या सॉफ्टवेअरला जास्त जोर देऊ नका, ते खरखरीबरोबर आवाजातली धारही घेऊन जातं.

पातळीचा हिशेब असा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा. निवेदनाची सर्वात मोठी अक्षरं उणे १२ डीबीच्या आसपास राहतील इतका गेन. संगीताला कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबून चढउतार कमी करणारं साधन, लावू नका, आलाप आणि द्रुत यांतलं अंतर हाच त्या गायकीचा श्वास आहे. निवेदनाला हलका लावला तरी चालतो. आवाज कशाला जुळवायचा, हा प्रश्न उरतो. मीटर संपूर्ण फाइलची सरासरी दाखवतो, आणि त्या सरासरीवर द्रुतचा पगडा असतो. त्याला निवेदन जुळवलं तर पुढचा आलाप अचानक लांब गेल्यासारखा वाटतो, कारण मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये आलाप द्रुतपेक्षा दहा-पंधरा डीबीने सहज खाली असतो. निवेदन आलापाच्या पहिल्या अर्ध्या मिनिटाला कानाने जुळवा, थोडंसंच वर. मग पूर्ण कार्यक्रम प्रसारणाच्या ठरलेल्या पातळीवर न्या. इंटरनेट रेडिओसाठी उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं एकक) हे माप बऱ्याच ठिकाणी चालतं, युरोपीय प्रसारणाचं माप उणे २३ आहे. आपल्या केंद्राला आधी विचारावं.

वेळेबद्दल थोडंच. अर्ध्या तासाच्या जागेत प्रत्यक्ष २८ मिनिटं हातात येतात. सावकाश निवेदनात मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. सात मिनिटं बोलायची ठरवली तर संहिता सात-आठशे शब्दांपलीकडे नेऊ नका. विलंबित ख्याल कापावाच लागला तर आवर्तनाच्या, म्हणजे तालाच्या फेऱ्याच्या, मधे नको. मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) येऊन सम (तालाची पहिली मात्रा) झाली की तिथून पुढे सावकाश विरवा.

पर्यायांपैकी ज्यांचं बजेट तंग आहे त्यांना एसएम५८ पुरेसा आहे, आणि हे मनापासून लिहिलं आहे. गाण्याच्या मंचावरचा तोच माइक. तो एसएम७बीपेक्षा साधारण साडेचार डीबीने जोरात बोलतो, म्हणजे साध्या इंटरफेसवरही सरसर कमी. वरून एक फोमची टोपी घातली आणि थोडं कडेने बोललं तर भ सांभाळतो. गोलाई आणि गडदपणा एसएम७बीचा नाही, पण किमतीतला फरक इंटरफेसवर आणि गोधडीवर खर्च केला तर निकाल चांगला येतो. दुसऱ्या टोकाला इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई२०. जवळ गेल्यावर आवाज जाड होण्याचा प्रकार त्यात फारच कमी, त्यामुळे बोलता बोलता मान वळवून पेटीकडे पाहणाऱ्या निवेदकाला तो जास्त मानवतो. पाहुणा समोर असेल तर एकाच माइकमध्ये दोघांनी डोकावू नये, दुसरा माइक घ्यावाच.

खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच करावी. शुअरच्या माइकांच्या नकला बाजारात फिरतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात भाव चांगला सांगितला तरी पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड मागा, आणि शक्य असेल तर माइक काट्यावर ठेवा. आर्मशिवाय, केबलशिवाय ७६५ ग्रॅमच्या खूप खाली भरला तर तो एसएम७बी नाही. दुकानात ऐकून पाहताना स्वतःचाच इंटरफेस आणि हेडफोन न्या. दुकानातल्या भारी साउंड मिक्सरवर हा माइक सगळ्यांनाच आवडतो.

पावसाळ्यात डायनॅमिक माइकला कंडेन्सरसारखी चटचट लागत नाही, ही मुंबईकरासाठी मोठी सोय. जपायचा तो फोम. बोलण्याचा दमटपणा त्यात मुरतो आणि जून ते सप्टेंबर तो सुकत नाही. रेकॉर्डिंग झालं की फोम काढून पंख्याखाली तासभर वाळवा, मग सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह डब्यात ठेवा. चिकट झाला, बोटाला कण लागायला लागले, की धुण्याच्या भानगडीत न पडता नवा आणा. फोम असा भुसभुशीत झाला की भीमपलासीचा भ पुन्हा फुटायला लागतो आणि कारण कुणालाच सापडत नाही.